पाथरवटाची विद्या

देवबलोद्याच्या शिवमंदिराला शिखर नाही. भिलाईच्या सेक्टर ६ मधून रायपूरच्या दिशेने निघाले की चरोद्याजवळ हे गाव लागते. मंदिर कलचुरी काळातले, साधारण तेराव्या शतकातले मानले जाते आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. गाभारा, खांबांचा मंडप, बाहेरच्या भिंतींवर हत्तींची रांग आणि शिकारीची दृश्ये, शेजारी कुंड असे सगळे जागेवर आहे. वर मात्र बांधकाम थांबलेले दिसते. त्याची एक लोककथा परिसरात सांगितली जाते. सहा महिन्यांच्या एका लांबलचक रात्रीत एक कारागीर विवस्त्र होऊन हे मंदिर घडवत होता. त्याची बायको रोज जेवण घेऊन येई. एके दिवशी तिच्याऐवजी त्याची बहीण आली आणि लाजेने त्याने कुंडात उडी घेतली. बहिणीनेही जवळच्या तळ्यात जीव दिला, आणि काम कायमचे अर्धवट राहिले.

ही कथा इतिहास नव्हे, पण दगडकामाच्या विद्येतला खरा धोका तिने नेमका पकडला आहे. विद्या एकाच माणसाच्या हातात असली की माणसाबरोबर ती जाते. प्रत्यक्षात मंदिरे एकट्याने कधीच बांधली गेली नाहीत. कामाचा प्रमुख सूत्रधार. मापे, मांडणी आणि कामाची वाटणी त्याच्याकडे. त्याच्या हाताखाली मूर्ती घडवणारे रूपकार, दगड घडवणारे आणि ओझी वाहणारे. कलचुरींच्या शिलालेखांत अशा माणसांची नावे सापडतात. जबलपूरजवळ भेडाघाटला राणी अल्हणदेवीने बाराव्या शतकाच्या मध्यात मंदिर बांधवले. त्याच्या लेखात सूत्रधार पीथे याचे नाव आहे. हे सारे लेख एकत्र वाचायला मिळतात ते नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्यामुळे. कलचुरी-चेदी लेखांचा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला.

मराठी मुलखात दगड वेगळा, म्हणून कसबही वेगळे. सह्याद्री आणि दख्खनचे पठार लाव्हारसाच्या थरांनी बनलेले आहे. त्याचा काळा पाषाण कठीण, जड आणि टाकीला सहज न नमणारा. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधले, सिन्नरचे गोंदेश्वर त्याच परंपरेतले. पुढे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर सगळीच शैली जमा झाली आणि ‘हेमाडपंती’ हे नाव रूढ झाले, वास्तविक यातली कितीतरी मंदिरे त्याच्या आधीची आहेत. या बांधकामाचे वैशिष्ट्य सांध्यांत आहे. दगडाला खाच पाडून दुसऱ्याचे कुसू त्यात बसवायचे, वरच्या दगडाच्या वजनाने खालचा घट्ट धरायचा, मध्ये चुना नाही. सांधा असा बसायचा तर दोन्ही तोंडे गुणियात हवीत, आणि ते साधायला हाताला वर्षे लागतात.

शिकण्याचा क्रम ठरलेला होता. नव्या पोराच्या हाती पहिल्या दिवशी दगड येत नसे. तो भात्यापाशी बसे. काळ्या दगडावर टाकी लवकर बोथटते. ती तापवून, ठोकून, शेवटून पुन्हा पाणी द्यावे लागते. पाणी जास्त झाले तर टोक काचेसारखे उडते, कमी झाले तर पहिल्याच घावात वळते. तापलेल्या पोलादाचा रंग पाहून नेमक्या क्षणी ते पाण्यात बुडवणे, हा पहिला धडा. मग डबर फोडणे, मग खांडकी काढणे. त्यानंतर दगडाच्या चार कडा सुतात आणून मधला फुगवटा उतरवणे, आणि शेवटी कणी, कंगोरे, पाने-फुले. मूर्तीपर्यंत सगळेच पोचत नसत. दगड पारखणे मात्र प्रत्येकाला यावे लागे. हातोडीची हलकी टिचकी मारली की निरोगी दगड खणखणतो, आत चीर असेल तर बद्द वाजतो. छत्तीसगडच्या वालुकाश्मात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. हा दगड थराथरांनी बनलेला असतो. भिंतीत बसवताना थर आडवे ठेवावे लागतात. थर उभे आणि दर्शनी बाजूला समांतर राहिले, तर काही वर्षांनी पापुद्रे सुटू लागतात. हे ज्ञान पोथीत नव्हते. बाप, चुलता आणि उस्ताद यांच्या शेजारी बसून ते उचलले जाई.

स्वराज्याच्या काळात दुर्गबांधणीने या हातांना मोठे काम दिले. रायगडाच्या बांधकामाचे प्रमुख हिरोजी इंदुलकर यांचे नाव जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर कोरलेले आजही वाचता येते. बांधणाऱ्याने आपले नाव भाविकांच्या पायाखाली ठेवावे, यात त्या पिढीची निष्ठा दिसते. पण हिरोजींच्या हाताखाली किती पाथरवट होते, कोणत्या खाणीतून दगड आला, कोणाकडून कोण शिकले, हे त्या पायरीवर नाही. इतिहासाने गडाचा हिशेब ठेवला आणि हातांचा ठेवला नाही, ही खंत इथे नोंदवावीच लागते.

दगडकाम शाळेत शिकवण्याचा एक मोठा प्रयोग मुंबईत झाला. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग तेथे वास्तुशिल्पाचे अध्यापक म्हणून आले. शहराचा कोट पाडून झाला होता आणि सरकारी इमारतींचे काम जोरात निघाले होते, त्यामुळे वर्गात शिकलेले लगेच परांचीवर उतरे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर १८७८ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम सुरू झाले, ते १८८८ पर्यंत चालले. त्यावरच्या पाना-फुलांचे, पशुपक्ष्यांचे बरेचसे कोरीवकाम जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. कुर्ल्याचा दगड, मालाडचा पिवळसर दगड, पोरबंदरचा चुनखडक अशी दगडांची निवड कामानुसार होई. गेटवे ऑफ इंडियाचा पायाचा दगड १९१३ मध्ये बसला, उद्घाटन १९२४ मध्ये झाले. त्याचा पिवळा बेसाल्ट मालाडजवळच्या खारोडीचा. या सगळ्या कामांत खाणीपासून परातीपर्यंत वडार आणि कामाठी समाजांचे श्रम होते. शाळेतल्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळाले, खाणीतल्याला रोजंदारी मिळाली. दोघांच्या शिक्षणातली ही भिंत पुढेही तशीच राहिली, आणि दगडकामाचे त्यात मोठे नुकसान झाले.

नंतर सिमेंट आले. पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचे उत्पादन सुरू झाले आणि अर्ध्या शतकात बांधकामाची सगळी घडी बदलली. भिलाई हे त्या बदलाचे ठळक उदाहरण आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. कामगारांसाठी सेक्टरवार वसाहत उभी राहिली ती विटा, लोखंड आणि सिमेंटने. हजारो कुटुंबांना लवकर छप्पर द्यायचे होते, तिथे टाकीच्या गतीने चालणे शक्यच नव्हते. नंदिनीचा चुनखडक भट्टीत पोलादासाठी जाऊ लागला, आणि भट्टीची मळी जामूलच्या सिमेंट कारखान्यात. ज्या चुनखडकापासून एकेकाळी गावोगावी बांधकामाचा चुना होत असे, त्याचा उपयोग असा पालटला. चुना भाजणारे, घाण्यात दळणारे आणि मुरवणारे हात पाथरवटाच्या आधी बेकार झाले.

याचा फटका जुन्या इमारतींना बसला. चुना सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेली ओल तो बाहेर सोडतो आणि क्षार स्वतःत साठवतो, त्यामुळे झीज दरजेची होते, दगडाची नाही. पंचवीस-तीस वर्षांनी दरजा खरवडून नव्या भराव्यात, एवढेच काम उरते. सिमेंट कडक आणि घट्ट असते. दरजांत ते भरले की ओलीला वाट दगडातूनच शोधावी लागते, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन बसतात आणि कोरीव चेहरे भुकटी होऊन गळतात. काळा बेसाल्ट हे काही काळ सोसतो, वालुकाश्म फार सोसत नाही. कित्येक गावांतल्या मंदिरांना भक्तीपोटी सिमेंट आणि ऑइलपेंट लागले आहेत. त्यामागची श्रद्धा खरी असते. पण सांगणारा जाणता मिस्त्रीच गावात उरलेला नसतो.

जतनाचे नियम या दरम्यान बदलत गेले. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तेव्हाचे प्रमुख सर जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या जतनविषयक पुस्तिकेचा भर आहे ते अस्सल राखण्यावर होता; अंदाजाने नवे घडवू नये, ही शिकवण योग्यच होती. तिची दुसरी बाजू अशी की संरक्षित वास्तूंवर कोरणाऱ्या हाताला वाव कमी राहिला. २००४ मध्ये इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या सनदेने, आणि २०१४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय धोरणाने, पारंपरिक कारागिरांचे ज्ञान जतनाचा भाग मानले. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली, आणि त्यानंतर झालेल्या इमारतींच्या दुरुस्त्यांनी चुना, दगडाची पारख आणि हातकाम यांना पुन्हा काम मिळाले.

हे शिक्षण टिकवण्याचे जुने उदाहरण फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे दिसते. तेथील कॅथेड्रलची स्वतःची कार्यशाळा शतकानुशतके चालू आहे. इमारतीची दुरुस्ती संपत नाही, म्हणून शिकाऊ मुलांचा ओघही आटत नाही. युरोपातल्या अशा कार्यशाळांच्या पद्धतीची युनेस्कोने २०२० मध्ये दखल घेतली. आपल्याकडे महाबलीपुरमला १९५७ मध्ये निघालेल्या सरकारी शिल्पशाळेने स्थपतींची परंपरा अभ्यासक्रमात आणली. भिलाईच्या जवळ खैरागडला १९५६ मध्ये स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे आणि तेथे मूर्तिकला शिकवली जाते. मूर्ती घडवणे आणि भिंतीतला झिजलेला दगड बदलणे ही मात्र दोन वेगळी कसबे आहेत. दुसऱ्याला इमारतच वर्ग म्हणून लागते.

तरुण या धंद्यात का येत नाहीत, याचे उत्तर मजुरीत आहे आणि धुळीतही. वालुकाश्म घडवताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. दगड ओला ठेवून काम करणे, धूळ ओढणारी यंत्रे आणि योग्य मुखपट्ट्या हे उपाय माहीत आहेत, महागडेही नाहीत. ते नसलेल्या कामावर परंपरेच्या नावाने मुलांना बोलावणे अन्यायाचे ठरेल. ओल्या दगडाची, धूळमुक्त शेडची तरतूद आणि प्रत्येक जाणत्या पाथरवटामागे एक पगारी शिकाऊ उमेदवार, या दोन अटी संरक्षित वास्तूंच्या दुरुस्तीच्या प्रत्येक निविदेत घातल्या पाहिजेत. त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही.