सल्फाइडचे मोजमाप : नाकावर विसंबू नये

मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतचा चिंचोटीचा धबधबा पावसाळ्यात खळाळून वाहतो. हवा मिसळलेल्या अशा पाण्यात सल्फाइड टिकत नाही. वसईच्या खाडीकाठचा काळा चिखल उकरला, की मात्र कुजक्या अंड्यांचा दर्प येतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. प्राणवायू संपलेल्या गाळातील जिवाणू त्याचे सल्फाइडमध्ये रूपांतर करतात. सांडपाण्याच्या टाक्यांतही हेच घडते.

हायड्रोजन सल्फाइड वायू अत्यल्प असला तरी नाकाला कळतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभराच्या पुढे गेला, की घ्राणशक्तीच बधिर होते. दर्प थांबला म्हणजे धोका टळला, हा समज म्हणूनच जीवघेणा ठरतो. एप्रिल २०२४ मध्ये विरार येथे एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात उतरलेले चार कामगार दगावले. अशा बंदिस्त जागी हवेसाठी वायुमापक हवाच. पाण्यात विरघळलेल्या सल्फाइडसाठी विभवमापी अनुमापन ही भरवशाची पद्धत आहे.

खरी कसोटी नमुना घेतानाच लागते. सामू ७ असता सुमारे निम्मे सल्फाइड हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात असते व ते हवेत निसटते. उरलेल्याचे हवेमुळे ऑक्सिडीभवन होते. म्हणून बाटली काठोकाठ भरून त्यात लगेच सोडियम हायड्रॉक्साइड आणि ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपले 'क' जीवनसत्त्व, मिसळतात. सामू १२ च्या वर नेतात.

मग ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडतात. सिल्व्हर सल्फाइडचा काळा अवक्षेप पडतो. त्या काळोखात रंग बदलणारे दर्शक निरुपयोगी. म्हणून सिल्व्हर सल्फाइडचे विद्युत्‌अग्र आणि संदर्भ-अग्र बुडवून मिलिव्होल्ट वाचतात. आरंभी विभव बराच ऋण असतो व सावकाश बदलतो. सल्फाइड संपताच एका थेंबाने तो एकदम उसळतो. हाच अंतिम बिंदू. त्याच्या जवळ घाई करू नये. अवक्षेप स्थिरावण्यास वेळ लागतो. खाडीच्या पाण्यातील क्लोराइडचे भय नाही, कारण सिल्व्हर क्लोराइड कितीतरी अधिक विद्राव्य असल्याने सल्फाइडचा क्रम आधी लागतो.

एका सल्फाइड आयनास चांदीचे दोन आयन लागतात. समजा, १०० मिलिलिटर नमुन्यास ०.०१ मोलर द्रावण ४ मिलिलिटर लागले, तर सल्फाइड लिटरला ६.४ मिलिग्रॅम भरते. भारतीय नियमांनुसार नदी-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यास २, तर समुद्रात सोडण्यास ५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम इतकी सूक्ष्म आहे, की तेथे मिथिलीन ब्लूची रंगमापन पद्धत अधिक सोयीची पडते.