मोळी, आंघोळ आणि पंढरपूर

सोलापुरात वाचनालयात 'श्यामची आई' मागितलं की हमखास प्रश्न येतो, "नातवाला का?" पूर्वी मी मान हलवून मोकळा व्हायचो. आता सांगतो, "नाही हो, मलाच." ताम्हनकरांचा 'गोट्या', भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' हेही मी साठी उलटल्यावर वाचतो, पण निव्वळ मजेसाठी. 'श्यामची आई'चं तसं नाही. ते पुस्तक माझ्या वयाबरोबर बदलत गेलं.

मुळात ते मुलांपुरतं होतं का? साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत ९ ते १३ तारखेपर्यंत, पाच दिवसांत लिहून काढलं. छापून आलं १९३५ साली. पुस्तकातला श्याम रोज रात्री आठवणी सांगतो त्या आश्रमातल्या सोबत्यांना, म्हणजे जाणत्या माणसांना. मुलांच्या कपाटात ते ठेवलं आपण.

आमच्या घरची भाषा तेलुगू. आई विडी कारखान्यात जायची. रात्री कंदिलाशी बसून दुसऱ्या दिवसाच्या विड्यांसाठी पाला कातरायची आणि मी तिला हे पुस्तक वाचून दाखवायचो. एका रात्री मोळीची गोष्ट आली. म्हाताऱ्या महारणीची लाकडाची मोळी खाली पडते, कुणी हात लावत नाही. श्यामची आई त्याला म्हणते, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे, मग घरी येऊन आंघोळ कर.

माझा गळा दाटून आला होता. आईची कातर थांबली. म्हणाली, "आंघोळ कशाला रे?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर, ते वाक्य मी वाचलं होतं पण ऐकलं नव्हतं. श्यामची आई किती मायाळू, एवढंच शाळेत शिकवलेलं. त्या मायेलाही शिवाशिवीचं कुंपण होतं आणि गुरुजींनी ते झाकलं नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

कॉलेजात गेल्यावर पंढरपूरची हकीकत वाचली. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यातलं, तरी शाळेत कुणी बोललं नव्हतं. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. तनपुरे महाराजांच्या मठात त्यांना जागा मिळाली. मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावर १० मे रोजी उपोषण सुटलं. पुस्तक लिहिल्याला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

मी हे सगळं घरी येऊन आईला सांगितलं. ती पाला कातरतच होती. तिनं एवढंच विचारलं, "त्यांची आई होती का तेव्हा?"

"नाही. १९१७ सालीच गेली."

थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "ती मोळीची गोष्ट परत वाच."