‘पोर्टनॉयज् कम्प्लेंट’ : एका ज्यू मुलाची कबुली

फिलिप रॉथ (१९३३–२०१८) या अमेरिकी ज्यू लेखकाची ही विनोदी कादंबरी १९६९ साली प्रसिद्ध झाली. न्यूअर्कमध्ये वाढलेला तेहतीस वर्षांचा अलेक्झांडर पोर्टनॉय मनोविश्लेषकापुढे आपले आयुष्य उघडे करतो. संपूर्ण कादंबरी म्हणजे त्याचे हे प्रदीर्घ स्वगतच होय. मुलाच्या प्रत्येक घासावर पहारा ठेवणारी आई सोफी आणि बद्धकोष्ठाने गांजलेले विमा-विक्रेते वडील यांच्या घरात त्याच्या मनात अपराधगंड रुजतो. बिगरज्यू स्त्रियांविषयीची वासना ही या घरातून सुटण्याची त्याची धडपड ठरते. मात्र ज्यूंच्याच देशात, इस्रायलमध्ये, त्याचे पौरुष त्याला दगा देते. अश्लीलतेच्या कारणावरून ऑस्ट्रेलियात या पुस्तकाच्या आयातीवर १९७१ पर्यंत बंदी होती.

महाराष्ट्रातील बेने इस्रायल समाजाची कथा याच्या नेमकी उलट आहे. कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला, रोहेकर, पेणकर अशी गावांवरून आडनावे लावणारा हा मराठीभाषक समाज. इस्रायलला गेल्यावर मात्र तेथील धर्मपीठाने १९६२ साली त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. आंदोलनानंतर १९६४ साली इस्रायली संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. पोर्टनॉयला ज्यूपणाचे ओझे झाले होते. यांना ते सिद्ध करावे लागले. संसार कोणाशी थाटावा हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच होता.