सूफी, शेतकरी आणि सृष्टीची राखण

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र प्रसृत केले, तेव्हा त्याच्या एका तळटीपेत अली अल-खव्वास या सोळाव्या शतकातील मुस्लिम सूफीचा आदराने उल्लेख केला. ‘खव्वास’ म्हणजे ताडखजुरीच्या पात्या विणणारा. सृष्टी आणि अंतरीचा ईश्वरानुभव यांत फार अंतर पाडू नये, ही कैरोच्या या निरक्षर कारागिराची शिकवण.

मराठी मुलखाला सूफी परका नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. कादिरी परंपरेतील श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ १६४५ चा. दोघांनीही ओवीच पत्करली, कारण कष्टकऱ्यांच्या घरात तीच नांदत होती.

गोव्यात डिचोलीचे नमाजगाह औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहाजादा अकबर याने सतराव्या शतकात बांधल्याचे सांगतात. पुढे १७८१ ते १७८८ या काळात डिचोली व पेडणे पोर्तुगीज अमलाखाली आले. तिसवाडी, बारदेश, साष्टी येथे सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली होती. या नव्या काबिजादीत मात्र स्थानिक धर्माचारास सहसा हात लावला गेला नाही. म्हणून तेथे देवराया टिकल्या. देवराई ही सूफींची निर्मिती नव्हे, ती हिंदू ग्रामपरंपरेची ठेव होय. पण तिच्यातील वाळली काटकीही घरी न नेणारा गावकरी त्या विणकराचीच शिकवण न ऐकता आचरीत होता. राई राहिली म्हणून झरा राहिला, आणि झऱ्यावर कुळागर.

डिचोलीच्या लोहखाणींनी ही साखळी तोडली. पावसाळ्यात ढिगाऱ्यांचा गाळ भातशेतांत उतरला. २०१२ साली खाणकाम थांबले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाणीवर ज्यांची चूल पेटत होती, त्यांचे हाल झाले, हेही विसरता येत नाही. पुढे लिलाव होऊन डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मनुष्यास बाग मशागतीसाठी आणि राखणीसाठीही सोपविलेली आहे. आपल्या प्रवचनांत मशागत पुष्कळ आली, राखण क्वचित. ती ज्या शेजाऱ्यांनी केली, त्यांची देवस्थाने एके काळी आपण मोडली. तेव्हा सृष्टीविषयी बोलण्यापूर्वी पश्चात्ताप, आणि शिकविण्यापूर्वी शिकणे, हाच क्रम आपल्याला शोभेल.