तीन शिखरे आणि संदर्भांची मोजदाद

अंधेरी-बोरिवलीकडे किंवा घाटकोपर-मुलुंडकडे एमआरआय केंद्रांच्या पाट्या आता जागोजागी दिसतात. यकृतात चरबी साठली आहे का, हे पाहताना तेथे यकृताच्या एकाच छेदाच्या दोन प्रतिमा घेतात. एकीत पाणी आणि चरबी यांच्या संदेशांची बेरीज होते, दुसरीत वजाबाकी. दुसऱ्या प्रतिमेत यकृत काळवंडले, तर चरबी आहे असे समजतात. या वजाबाकीचे मूळ शोधत मागे गेलो, की एक धागा मुंबईत येतो.

१९५१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी एथिल अल्कोहोल चुंबकीय क्षेत्रात ठेवून हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे संदेश टिपले. एका शिखराऐवजी तीन मिळाली, आणि तीही १:२:३ या प्रमाणात! रसायनशास्त्राचे शिक्षक हे प्रमाण लगेच ओळखतील: ओएचमधला एक हायड्रोजन, सीएच२मधले दोन, सीएच३मधले तीन. भोवतालचे इलेक्ट्रॉन अणुकेंद्राला बाहेरच्या क्षेत्रापासून किंचित झाकतात. हे झाकण जागेनुसार कमीजास्त असते, म्हणून वारंवारताही सरकते. यालाच केमिकल शिफ्ट म्हणतात. तिघांपैकी एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या विषयाचा गट त्यांनी तेथे उभा केला.

आता थोडे गणित, वर्गात फळ्यावर करता येईल असे. १.५ टेस्लाच्या यंत्रात हायड्रोजनची वारंवारता सेकंदाला सुमारे ६.४ कोटी आवर्तने असते. पाणी आणि चरबी यांत दहा लाखांत साडेतीन भागांचा फरक आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे २२४ आवर्तने. त्यामुळे सव्वादोन मिलिसेकंदांत दोघांचे संदेश परस्परविरुद्ध होतात. नेमक्या त्या क्षणी प्रतिमा घेतली, की वजाबाकी आपोआप होते. थॉमस डिक्सन यांनी १९८४ साली ही युक्ती मांडली.

यकृतावर आज शोधनिबंध लिहिणारा डॉक्टर फार तर डिक्सनपर्यंत जाईल. १९५१चा निबंध त्याच्या संदर्भसूचीत बहुधा नसतो, आणि त्यात त्याचा दोषही नाही. न्यूटनचे नियम वापरताना न्यूटनचा ग्रंथ कोण उद्धृत करतो? समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे नेमके हेरले होते: कल्पना ज्ञानात पुरती मुरली, की तिच्या जनकाचा उल्लेख गळतो.

संदर्भांची मोजदाद मुळात या कामासाठी नव्हतीच. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली संदर्भनिर्देशिकेची कल्पना मांडली ती शास्त्रज्ञांना आवश्यक निबंध सापडावेत म्हणून. त्यांची विज्ञानाची निर्देशिका १९६४ पासून निघू लागली. आकडे हाताशी आल्यावर त्यांनी माणसे मोजण्याचा मोह झाला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१०च्या नियमांत तर नियतकालिकाच्या प्रभावांकानुसार निबंधाचे गुण वाढत. म्हणजे निबंध न वाचताही त्याला गुण देता येत! आम्हा संशोधकांना ही सोय फार महाग पडली, असे आमचे मत आहे.

मुरण्याआधीचा काळही मोजदादीत नीट येत नाही. सीटी स्कॅनचे गणित ॲलन कॉर्मॅक यांनी १९६३ आणि १९६४ साली प्रसिद्ध केले. प्रतिसाद जवळजवळ शून्य! निबंधाच्या प्रतीसाठी आलेली सर्वांत मजेशीर मागणी होती स्वित्झर्लंडच्या हिमप्रपात संशोधन केंद्राची. डोंगरावर साचलेल्या बर्फालाही हेच गणित लागू पडले असते. १९७९ साली कॉर्मॅक यांना हाउन्सफील्ड यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९६६ साली एखाद्या समितीने संदर्भ मोजून त्यांना पदोन्नती द्यायची ठरवली असती, तर?

२०१०पासून इंटरनेटवरील चर्चा मोजण्याचीही पद्धत आली आहे. निबंधाचा उल्लेख बातम्यांत, समाजमाध्यमांवर, विश्वकोशांत किती वेळा झाला, ते तीत पाहतात. ही मोजणी लवकर हाती येते आणि संशोधकांपलीकडचा वाचकही तीत दिसतो, हा तिचा खरा गुण. पण कर्करोग एका चित्रात ओळखल्याची बातमी झपाट्याने पसरते; वारंवारतेतील दहा लाखांत साडेतीन भागांच्या फरकाची बातमी कोण पसरवणार? अल्कोहोलच्या शिखरांचे चित्र मात्र पाठ्यपुस्तकांत अजून भेटते. बहुतेक वेळा त्याखाली धर्मट्टींचे नाव नसते.