अभियांत्रिकी पात्रता-मूल्यांकन (ऑस्ट्रेलिया)

ऑस्ट्रेलियाच्या कुशल स्थलांतर व्हिसासाठी परदेशी अभियंत्याची पदवी व अनुभव तपासण्याची प्रक्रिया. हे काम ‘इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया’ ही संस्था करते. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 मध्ये पूर्ण सदस्य झाला. पण त्याचा लाभ भारताच्या राष्ट्रीय प्रत्यायन मंडळाच्या (एनबीए) ‘टियर 1’ मान्यतेच्या अभ्यासक्रमांनाच मिळतो, आणि ती मान्यता मुख्यतः स्वायत्त संस्थांसाठी आहे. त्यामुळे बारामती-इंदापूर परिसरात विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून पदवी घेतलेल्यास बहुधा सक्षमता-अहवाल लिहावा लागतो. यात प्रत्यक्ष कामाची तीन प्रकरणे (प्रत्येकी 1,000 ते 2,500 शब्द), सारांश-विधान आणि पदवीनंतरच्या शिक्षणाची यादी असते. भाषा इंग्रजी, कर्ता ‘मी’. अडचण इथेच येते. साखर कारखान्यातील सहवीजनिर्मिती असो वा नीरा डाव्या कालव्यावरचे काम, आपल्याकडे ‘आम्ही केलं’ म्हणायची रीत. परीक्षकाला मात्र त्या अभियंत्याने स्वतः कोणते गणित मांडले, कोणता निर्णय घेतला, हे हवे असते. विकत घेतलेला किंवा उतरवलेला अहवाल पकडला गेल्यास अर्ज फेटाळला जातो व पुन्हा अर्ज करण्यावर बंदीही येऊ शकते. म्हणून साधा का होईना, स्वतःचाच मजकूर लिहावा. पदविकाधारकांचे मूल्यांकन सहसा ‘इंजिनिअरिंग असोसिएट’ या वर्गात होते.