जहाल, मवाळ आणि राष्ट्रीय : नावांची लढाई

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण वंगभंगाच्या चळवळीपर्यंत येऊन थांबलो होतो. आज सुरतेकडे जायचंय. पण त्याआधी काही शब्द तपासून घेऊ.

काँग्रेसमध्ये जहाल आणि मवाळ असे दोन गट होते, हे आपण सगळेच शाळेत शिकलो. जणू हे दोन स्वभावच, एक तापट नि एक शांत. पण हे शब्द कोण कुणाला लावत होतं, असं विचारलं की चित्र बदलतं.

टिळकांचा गट स्वतःला 'राष्ट्रीय पक्ष' म्हणवत असे. नाव साधंच, पण त्यात मेख आहे : आम्ही राष्ट्रीय, मग समोरचे कोण? गोखले-मेहतांच्या बाजूला 'नेमस्त' असा शब्द होता. नेमस्त म्हणजे मोजूनमापून वागणारा. म्हणजे समोरचे ताळतंत्र सोडलेले! त्याच नेमस्तांना 'मवाळ' म्हटलं, की मोजूनमापून वागणं हा मिळमिळीतपणा ठरतो. आणि 'जहाल'? हा शब्द आपण विषाला लावतो. माणसं तीच, नाव बदललं की गुणाचा दोष होतो.

टिळकांना हे पुरतं ठाऊक होतं. जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात त्यांनी सांगितलं, की ही नावं काळासापेक्ष आहेत. आजचे मवाळ काल जहाल होते आणि आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील.

भांडण फक्त नावांचं नव्हतं. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात अध्यक्ष दादाभाई नौरोजींनी 'स्वराज्य' हा शब्द उच्चारला. तो दोघांनीही उचलला, पण अर्थ आपापला लावला. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या ठरावांची भाषा आता पातळ केली जाणार, असा संशय टिळकपक्षाला होता. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला ही ठिणगी पडली. मंडपात जोडा फेकला गेला, अधिवेशन उधळलं. पुढच्या वर्षी काँग्रेसची जी घटना झाली, तिच्यात ध्येय नि सनदशीर मार्ग लेखी मान्य केल्याशिवाय प्रतिनिधी होता येईना. एका वाक्यावरची सही हेच दार झालं.

सरकारला ही विभागणी सोयीची होती : मवाळांना जवळ करायचं, जहालांना दडपायचं. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. आणि 'मवाळ' गोखले? १९०२ च्या अर्थसंकल्पावर त्यांनी केलेली टीका किंवा १९११ चं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक पाहिलं, तर हा माणूस मऊ होता असं म्हणवत नाही. पण शिक्का एकदा बसला की काम दिसेनासं होतं. गोखल्यांच्या वाट्याला तेच आलं.

टिळकांचं म्हणणं पुढे खरं ठरलं, तेही त्यांच्याच माणसांच्या बाबतीत. १९२६ च्या सुमारास न. चिं. केळकरांसारखे त्यांचे अनुयायी कायदेमंडळात जाऊन अधिकारपदं घ्यायला तयार होते, तर काँग्रेसमधले दुसरे अडून बसले होते. आता यातला जहाल कोण?

म्हणून आपण पाठ्यपुस्तकातला एखादा पक्षवाचक शब्द वाचतो, तेव्हा दोन प्रश्न विचारायचे. हे नाव त्यांनी स्वतः घेतलं, की दुसऱ्यानं चिकटवलं? आणि त्या नावाचा फायदा कुणाला झाला? आजचं वर्तमानपत्र उघडतानाही हेच विचारून पाहा.

पुढच्या वेळी आपण १९१६ च्या लखनौपासून सुरुवात करू.